लॅटिन वाक्प्रचारांची कार्डं: सहा महिने रोज हाताळल्यावर

विम्याच्या एका नियमावलीत मी इंग्रजीतल्या ‘ई.जी.’ (e.g.) या संक्षेपाचं मराठी ‘म्हणजे’ असं केलं होतं. मूळ इंग्रजी वाक्याचा आशय असा, की पाण्यामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई मिळेल, उदाहरणार्थ गळकं छप्पर, फुटलेला नळ. माझ्या मराठीत ते झालं ‘पाण्यामुळे झालेली नुकसानी, म्हणजे गळकं छप्पर, फुटलेला नळ’. नमुन्यादाखल दिलेल्या दोन गोष्टी माझ्या एका शब्दाने पूर्ण यादी होऊन बसल्या. उद्या तुंबलेल्या गटाराचं पाणी कुणाच्या घरात शिरलं असतं, तर माझ्या वाक्यावर बोट ठेवून त्याला ‘तुमचं यात बसत नाही’ असं सांगता आलं असतं. दुसरं वाचन करणाऱ्या ताईंच्या नजरेला ते पडलं, म्हणून निभावलं. पण मला ते फार लागलं. करार, अहवाल, नियमावल्या मराठीत आणण्याचं काम मी वीस वर्षं करते आहे आणि ‘ई.जी.’ आणि ज्याचा अर्थ खरोखरच ‘म्हणजे’ होतो ते ‘आय.ई.’ (i.e.) यांची पूर्ण रूपं कुणी विचारली असती तर मला धड सांगता आली नसती.

त्या आठवड्यात मी लॅटिन वाक्प्रचारांच्या कार्डांचा संच मागवला. अशा संचांचे बरेच प्रकार मिळतात. माझ्याकडचा कुठला ते सांगत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठलाही संच किंवा छोटा कोश निवडताना उपयोगी पडावं. पत्त्यांच्या कॅटपेक्षा जरा मोठी पुठ्ठ्याची पेटी आहे, आत शंभराच्या आसपास कार्डं. समोर वाक्प्रचार. मागे चार गोष्टी: शब्दशः अर्थ, आजचा अर्थ, वापराचं एक वाक्य आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात नेहमी होणारी चूक. कडेला रंगाची पट्टी आहे. रोजच्या वापरातल्यांना हिरवी, कायद्यातल्यांना निळी, ग्रंथांतल्यांना तपकिरी. सगळा मजकूर इंग्रजीत.

पहिल्या दिवशी अर्थातच ‘ई.जी.’ काढलं. पूर्ण रूप ‘एक्झेम्प्ली ग्रॅशिया’. शब्दशः अर्थ ‘उदाहरणाच्या खातर’. हा अर्थ वाचला आणि मी तिथेच थांबले. लॅटिनमधलं हे ‘ग्रॅशिया’ षष्ठीतल्या नामाच्या मागून येतं, अगदी आपलं ‘खातर’ येतं तसं. ‘पोटाखातर’, ‘मैत्रीखातर’, तसं ‘उदाहरणाखातर’. मग ‘आय.ई.’ काढलं. ‘इद एस्ट’. ‘इद’ म्हणजे ते, ‘एस्ट’ म्हणजे आहे. शाळेत शिकलेलं संस्कृत ज्यांच्या डोक्यात थोडंफार शिल्लक असेल त्यांनी हे शब्द नुसते मोठ्याने म्हणून बघावेत: ‘इद एस्ट’, ‘इदम् अस्ति’. दोन्ही भाषांचं मूळ एकच, त्यामुळे हे साम्य योगायोगाचं नाही, नात्याचं आहे. आता ‘आय.ई.’ दिसलं की माझ्या कानात ‘इदम् अस्ति’ वाजतं, आणि हात आपोआप ‘म्हणजेच’ लिहितो. ‘ई.जी.’ दिसलं की ‘उदाहरणाखातर’. सहा महिन्यांत ही गल्लत पुन्हा झालेली नाही.

या दोघांच्या जोडीला तिसरं कार्ड ठेवावं लागतं, ते ‘व्हिझ’चं (viz.). ‘ई.जी.’ने नमुना सांगायचा, ‘आय.ई.’ने तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगायची आणि ‘व्हिझ’ने आधी मोघम म्हटलेलं नावानिशी मोजून द्यायचं. ‘समितीचे तीन सदस्य, व्हिझ’ असं आलं की पुढे तीनच नावं हवीत, कमीही नाहीत आणि जास्तही नाहीत. पूर्ण रूप ‘व्हिडेलिसेट’, म्हणजे ‘बघता येईल’. मग त्यात झेड आला कुठून? कार्डावर याचं उत्तर फार छान दिलंय. मध्ययुगातले लेखनिक ‘एट’ या अक्षरगटासाठी एक खूण वापरत, तीनच्या इंग्रजी आकड्यासारखी दिसणारी. पुढे छापखान्यात तो खिळा नव्हता, तेव्हा जवळचा दिसला तो झेड घेतला. म्हणजे आपण ज्याला अक्षर समजून उच्चारतो ते मुळात अक्षरच नाही. हे वाचून झाल्यावर ‘व्हिझ’चा अर्थ मला कधीही शोधावा लागला नाही. माणसाची गोष्ट कळली की नाव लक्षात राहतं, तसंच.

संचाची ताकद इथे आहे. जिथे जिथे शब्दशः अर्थाची ओळ मनापासून लिहिली आहे, तिथे कार्ड एकदा वाचून पुरतं. ‘अलिबी’चंच घ्या. पोलिसी कथांमुळे आपल्याला वाटतं, की अलिबी म्हणजे बचाव किंवा सबब. कार्ड सांगतं, की हे साधं स्थलवाचक अव्यय आहे, ‘दुसरीकडे’. संस्कृतात आणि मराठीतही आपल्याकडे त्याच घडणीचा शब्द तयार आहे: ‘अन्यत्र’. गुन्हा घडला तेव्हा मी अन्यत्र होतो, एवढंच आरोपी म्हणतोय. हे कळलं की ‘माझ्याकडे काम न करण्याची अलिबी आहे’ यासारखी वाक्यं खुपायला लागतात.

‘पर कॅपिटा’च्या कार्डाने तर मला स्वतःच्या भाषेकडे नव्याने बघायला लावलं. ‘कॅपिटा’ म्हणजे डोकी, अनेकवचन. ‘डोक्यांप्रमाणे’. आणि आपण काय म्हणतो? दरडोई! ‘दरडोई उत्पन्न’ मी हजारदा लिहिलं असेल, पण त्यात ‘डोई’ बसली आहे याची जाणीव मला ते कार्ड हातात धरून झाली. पेन्सिलने त्याच्या कोपऱ्यात ‘दरडोई’ लिहून ठेवलंय.

‘ए.एम.’ आणि ‘पी.एम.’चं कार्ड हिरव्या पट्टीचं, आणि मला वाटलं होतं की यात नवीन काय असणार. ‘अँटे मेरिडिएम’, ‘पोस्ट मेरिडिएम’, मध्यान्हापूर्वी आणि मध्यान्हानंतर. ‘मेरिडिएस’ हा शब्द ‘मेडियस’ आणि ‘डिएस’ मिळून झालेला. मेडियस म्हणजे मध्य, डिएस म्हणजे दिवस, आणि दोन्ही शब्द आपल्या मध्याचे आणि दिवसाचे सख्खे नातलग. खाली नेहमी होणारी चूक सांगणारी ओळ मात्र माझ्या कामाची निघाली: दुपारचे बारा हे ना मध्यान्हापूर्वी, ना मध्यान्हानंतर. ते स्वतःच मध्यान्ह. म्हणून बाराच्या पुढे यातलं काहीही लावलं तरी घोळ होतो. निविदेच्या मुदतीत ‘१२ पी.एम.’ असं आलं, की मी आता पाठवणाऱ्याला विचारल्याशिवाय पुढे जात नाही, आणि मराठीत स्पष्ट ‘दुपारी १२’ किंवा ‘मध्यरात्री १२’ लिहिते.

‘ऑम्निबस’चं कार्ड तपकिरी पट्टीत टाकलंय, हे मला पटलं नाही. ते हिरव्यात हवं, कारण त्याच्या शेपटाशिवाय आपला दिवस सरत नाही. ‘ऑम्निस’ म्हणजे सर्व आणि ‘ऑम्निबस’ म्हणजे सर्वांसाठी. १८२६ मध्ये फ्रान्समधल्या नाँत शहरात सुरू झालेल्या प्रवासी घोडागाडीला हे नाव पडलं, १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबिअर यांनी तशी गाडी लंडनमध्ये आणली, आणि पुढे नाव आखडून नुसतं ‘बस’ राहिलं. कार्ड इथवर सांगतं. पुढचं मी सांगते. हे ‘बस’ म्हणजे चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय आहे, आणि संस्कृतातला त्याचा भाऊ ‘भ्यः’. सर्वेभ्यः, गुरुभ्यः, त्यातला ‘भ्यः’. जगभर रोज लोक ज्यात चढतात त्या शब्दातला ‘सर्व’ कधीच गळून पडलाय, फक्त ‘साठी’ उरलाय. मला हे इतकं आवडलं, की घरी ज्याला त्याला सांगत सुटले होते.

आता जिथे हा संच कमी पडतो तिथे येते. ‘व्हाइसी व्हर्सा’चं कार्ड घ्या. शब्दशः अर्थाच्या जागी छापलंय ‘उलटपक्षी’. तो आजचा अर्थ झाला, शब्दशः नव्हे! ‘व्हाइसी’ म्हणजे क्रम किंवा जागा आणि ‘व्हर्सा’ म्हणजे फिरवलेली. ‘क्रम फिरवला असता.’ हा ‘व्हर्सा’ ज्या धातूचा, त्याच कुळातला आपला ‘वृत्’, परिवर्तनातला. आणि ही जी रचना आहे, नाम आणि त्याला जोडलेलं विशेषण दोन्ही एकाच विभक्तीत ठेवून ‘असं झालं असता’ हा भाव आणायचा, ती संस्कृत शिकलेल्याला नवीन नाही. सति सप्तमी! ‘सूर्ये अस्तं गते’, सूर्य मावळला असता. लॅटिन हेच पंचमीसारख्या विभक्तीत करतं, एवढाच फरक.

एकदा हे ओळखलं की तीन कार्डांचं कुलूप एका किल्लीने उघडतं. ‘म्युटॅटिस म्युटँडिस’: बदलण्याजोगं बदललं असता. कायद्याच्या मराठीत आपण ‘योग्य त्या फेरफारांसह’ म्हणतो. ‘सेटेरिस पॅरिबस’: बाकीचं समान असता. अर्थशास्त्राची मराठी पुस्तकं मागणीचा नियम सांगताना ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असं लिहितात. त्या ‘असताना’मध्ये लॅटिनचा आख्खा सांगाडा उतरलाय. ज्याने कुणी तो पहिल्यांदा मराठीत आणला त्याला मी मनोमन नमस्कार केला. आणि या संचात? तिन्ही कार्डं वेगवेगळ्या अक्षरांखाली, एकमेकांचा उल्लेख नाही, आणि रचनेबद्दल एक शब्द नाही. घोकून पाठ करा, असा कारभार. ज्यांना हे शिकवायचंय त्यांनी निदान ‘हे तिघे एका घरातले’ एवढं तरी छापायला हवं होतं.

‘कार्पे डिएम’चंही तसंच. शब्दशः अर्थ म्हणून ‘दिवस काबीज करा’ अशा थाटाचं इंग्रजी दिलंय. रोमन कवी होरेसच्या ‘ओड’ नावाच्या कवितांच्या पहिल्या पुस्तकातल्या अकराव्या कवितेतले हे शब्द. त्यातला ‘कार्पे’ हा झडप घालण्याचा शब्द नाही, फळं-फुलं तोडण्याचा आहे. मराठीत ‘खुडणे’ आहे, आणि मला तर तो इंग्रजीपेक्षा जवळचा वाटतो. पिकलेला दिवस देठावरून हलक्या हाताने खुडून घ्यायचा. तलवार उपसायची नाही.

एक कार्ड मात्र सरळ चुकलेलं आहे, आणि ते हिरव्या पट्टीतलं, म्हणजे रोजच्या कामाचं. ‘रे’, पत्राच्या किंवा ई-मेलच्या विषयाच्या आधी येतो तो. कार्ड म्हणतं, की हा ‘संदर्भात’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा संक्षेप. नाही. हा पूर्ण लॅटिन शब्द आहे. ‘रेस’ म्हणजे गोष्ट, बाब. त्याचं हे रूप, ‘अमुक बाबीत’. पुष्कळ लोकांना तर तो ‘रिप्लाय’चा संक्षेप वाटतो, कारण उत्तर देताना तो आपोआप उमटतो. ई-मेलची रचना ठरवणारं २००८ सालचं तांत्रिक मानक आहे, आरएफसी ५३२२, त्यातसुद्धा हा ‘रे’ लॅटिन ‘इन रे’वरून आल्याचं स्पष्ट लिहिलंय. लॅटिनचा संच विकणाऱ्यांनी नेमका हाच शब्द इंग्रजीच्या पदरात टाकावा, याचं मला वाईट वाटलं. मी त्यांना पत्र लिहिलंय.

निळ्या पट्टीबद्दल थोडक्यात. कायद्याची कार्डं भरपूर आहेत, अर्थही बरोबर आहेत, पण कुठली आज चालतात आणि कुठली निवृत्त झाली हे कळत नाही. इंग्लंडच्या न्यायालयांनी कामकाजाची भाषा म्हणून लॅटिन १७३३ मध्येच सोडली. जे तुकडे उरले, त्यांतले कित्येक इंग्लंड आणि वेल्सच्या दिवाणी कामकाजातून २६ एप्रिल १९९९ पासूनच्या नव्या नियमांनी बाजूला सारले. ‘एक्स पार्टे’च्या जागी ‘नोटीस न देता’, ‘इन कॅमेरा’च्या जागी ‘खासगीत’, असं साधं इंग्रजी आलं. इतर देशांत हेच शब्द अजून जोरात आहेत. भाषांतर करणाऱ्याला ही माहिती लागते.

‘इन कॅमेरा’वरून आठवलं. हे कार्ड प्रत्येक मराठी बातमीदाराने एकदा हातात घ्यावं, असं मला कळकळीने वाटतं. लॅटिनमध्ये ‘कॅमेरा’ म्हणजे खोली, दालन. ‘इन कॅमेरा सुनावणी’ म्हणजे बंद दाराआड, जिथे बाहेरच्या कुणी बघायचं नाही. आपल्या बातम्यांत मात्र ‘इन कॅमेरा शवविच्छेदन’ असं येतं आणि अर्थ असतो चित्रीकरण करून, म्हणजे पुढे कुणालाही बघता यावं म्हणून. एकच शब्द, आणि दोन बातम्यांत अगदी विरुद्ध अर्थ. ‘बंद दाराआड’ आणि ‘चित्रीकरणासह’ हे दोन्ही मराठीत इतकं स्वच्छ सांगता येत असताना ही गल्लत का चालू ठेवायची?

उलट ‘क्विड प्रो क्वो’चं कार्ड मला या पट्टीतलं सर्वांत सुंदर वाटलं. आज आपण ‘देवाणघेवाण’, ‘तू मला दे, मी तुला देतो’ अशा अर्थाने वाचतो. शब्दशः अर्थ ‘कशाच्या तरी जागी काहीतरी’. सोळाव्या शतकात इंग्रजीत तो आला तो औषधविक्यांच्या भाषेतून: लिहून दिलेलं औषध नसलं की त्याच्या जागी दुसरं द्यायचं, कधी जाणूनबुजून, कधी चुकून. म्हणून फ्रेंचमध्ये याच शब्दाचा अर्थ आज ‘गैरसमज’ असा होतो. एका शब्दाने दोन भाषांत दोन वाटा धरल्या, आणि कार्डाच्या चार ओळींत त्या दोन्ही दाखवल्यात.

‘एट सेटेरा’च्या कार्डावर दोन सूचना आहेत आणि दोन्ही मी आमच्या गटात सगळ्यांना वाचून दाखवल्या. ‘एट’ म्हणजेच ‘आणि’, तेव्हा इंग्रजीत त्याच्याआधी ‘अँड’ घालायचं नाही. आणि ‘ई.जी.’ने सुरू केलेल्या यादीच्या शेवटी ‘इटीसी’ लावायचं नाही, कारण नमुने सांगतोय हे आधीच सांगून झालंय. मला लगेच आपलं ‘वगैरे’ आठवलं. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दातला ‘व’ म्हणजेसुद्धा ‘आणि’. ‘कपडे, भांडी आणि वगैरे’ लिहिणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. दोन अगदी वेगळ्या कुळांतल्या भाषांनी एकाच गरजेसाठी सारखाच शब्द घडवला, आणि उसना घेणाऱ्यांनी सारखीच चूक केली. ‘अँड’चं ते वळणदार चिन्हही ‘एट’ या दोन अक्षरांच्या गुंफणीतूनच झालंय, हे कार्डावर चित्रासकट दाखवलंय. भिंगाखाली धरून बघितलं, ई आणि टी खरंच दिसतात.

उच्चारांबद्दल एक अडचण. संचात फक्त इंग्रजी वळणाचे उच्चार आहेत, तेही इंग्रजी अक्षरांत लिहून, त्यामुळे ‘बोना फायडी’ म्हणायचं की ‘बोना फाइड’, हे वाचून कळत नाही. इंग्रजी बोलताना इंग्रजी वळणाने बोलावं, याबद्दल माझं दुमत नाही. पण प्राचीन रोममध्ये सी नेहमी ‘क’ होता, हे कुठेतरी सांगायला हवं होतं. सीझर तेव्हा ‘काएसर’ होता, त्यातूनच जर्मन ‘कायझर’ आला. देवनागरीत हे सगळं किती सहज लिहिता येतं!

वापरताना जाणवलेलं: कार्डं पूर्ण लॅटिन रूपाच्या अक्षरक्रमाने लावलीत. ज्याला ‘एन.बी.’ची, म्हणजे ‘नीट लक्षात घ्या’ सांगणाऱ्या संक्षेपाची, फोड माहीत नाही त्याने ते ‘नोटा बेने’खाली शोधायचं कसं? संक्षेपांची सूची हवी होती. मी ती स्वतः करून झाकणाच्या आतून चिकटवली आहे. कागद जाड आहे, शाई हाताला लागत नाही. रोज उलटलेल्या हिरव्या कार्डांचे कोपरे थोडे मऊ झालेत, तेवढंच.

आणखी एक गोष्ट संचात असायला हवी होती. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये आपल्या मजकुरातून ‘ई.जी.’, ‘आय.ई.’ आणि ‘इटीसी’ हळूहळू काढून टाकायचं ठरवलं. कारणांतलं एक असं, की अंध वाचकांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी सॉफ्टवेअर ‘ई.जी.’ची दोन अक्षरं जोडून ‘एग’ असं वाचत. मला तो निर्णय योग्य वाटतो, आणि लॅटिनवर माझं आता इतकं प्रेम जडलंय तरीही वाटतो. सर्वांसाठीच्या सूचनेत ‘उदाहरणार्थ’ लिहावं. संक्षेप समजून घ्यायचे ते जुने कागद आणि दुसऱ्यांचं इंग्रजी नीट वाचता यावं म्हणून.

घ्यावा का? भाषांतर, संपादन, वकिली, संशोधन यांपैकी काही करत असाल तर असा एखादा संच जवळ असू द्या. पण घेण्याआधी, नमुना बघायला मिळत असेल तर, तीन कार्डं उलटून बघा: ‘रे’, ‘व्हाइसी व्हर्सा’ आणि ‘कार्पे डिएम’. मागे ‘बाबीत’, ‘क्रम फिरवला असता’ आणि ‘खुडणं’ सापडलं, तर बाकीची कार्डंही कुणीतरी लक्ष घालून लिहिली असणार. माझ्या संचात ही तिन्ही पेन्सिलने दुरुस्त केलेली आहेत.